जळमटांचं घर

फेब्रुवारीतल्या पहिल्या रविवारी आईने लांब दांड्याचा झाडू घेऊन गॅलरीचं छत झाडलं, आणि झाडूला अडकून आलेला एक पुंजका तिने माझ्यापुढे धरला. "हे बघ. जळमट म्हणावं तर नुसतं जळमट नाही हे." पुंजका करंगळीएवढा होता. वरच्या टोकाला कोळ्याच्या जाळ्याचा घट्ट पीळ, त्याच्या खाली सुक्या सालीचे कपचे, थोडा काळपट भुगा आणि कागदासारखी पांढरी टिकली. कपडे वाळत घालायच्या तारेसाठी छताला एक हुक आहे, त्याला हे गुंडाळलेलं होतं. आई तीस वर्षं भाईंदरमध्ये ब्लाउज शिवते आहे. धागा दिसला की तो कुठून सुरू झाला आणि कुठे संपला, हे बघितल्याशिवाय तिला राहवत नाही. ती पुंजका बोटांवर फिरवत उभी होती तेवढ्यात गॅलरीच्या जाळीतून एक इवलासा पक्षी आत शिरला. चोचीत जाळ्याचा लांब तंतू. हुकापाशी जाऊन तो फडफडला, जागा रिकामी बघून बाहेर गेला, परत आला, पुन्हा फडफडला. तिसऱ्यांदा आला तेव्हा तोंडातला तंतू कुठेतरी पडला होता.

"अगं, हिचं घर होतं हे," आई म्हणाली. तो सगळा दिवस तिने मशीन चालवलं नाही.

आम्ही भाईंदर पश्चिमेला, मुर्ध्याच्या अलीकडे राहतो. दुसरा मजला. समोर रस्ता, त्यावरून उत्तनला जाणाऱ्या बस. मागे मात्र अजून एक जुनी वाडी टिकून आहे. नारळ आहेत, दोन शेवगे, एक मोठा आंबा, कुंपणाला जास्वंद आणि कर्दळ. वाडीच्या पलीकडे पडीक मिठागर, त्याच्या बांधावर रुईची झुडपं, आणि मग खाडीपर्यंत तिवरांचा हिरवा पट्टा. आठ लाखांहून जास्त लोकांच्या या शहरात खिडकी उघडली की समोरच्या इमारतीची खिडकीच दिसते, असं बहुतेकांचं आहे. आमच्या मागच्या गॅलरीला ही वाडी लाभली आहे म्हणून मला हे लिहिता येतंय.

पक्षी परत आला तो चौथ्या दिवशी. त्याच हुकाला. मधल्या दिवसांत आई झाडूकडे बघतसुद्धा नव्हती.

वरच्या मजल्यावरच्या काकूंनी तो बघितला आणि त्या आनंदाने खाली आल्या. "तुमच्याकडे हमिंगबर्ड आलाय!" त्यांनी मागच्या वर्षी ऑनलाइन मागवलेलं एक लाल प्लॅस्टिकचं भांडं त्यांच्या ग्रिलला टांगलेलं आहे. त्यात साखरेचं पाणी घालायचं असतं आणि खोक्यावर हमिंगबर्डचं चित्र असतं. काकूंची चूक नाही. इवलासा देह, लांब वाकडी चोच, उन्हात चमचमणारा रंग, फुलासमोर क्षणभर हवेत थांबणं, हे सगळं मोबाइलवरच्या हमिंगबर्डसारखंच दिसतं. संध्याकाळी घाणेरीवर भिरभिरणाऱ्या एका पतंगालाही लोक हमिंगबर्ड समजतात. त्या पतंगाला लांब सोंड असते आणि मागे शेपटीसारखा केसांचा झुबका, त्यामुळे फोटोत तो हुबेहूब पक्षी वाटतो.

पण हमिंगबर्ड भारतात नाही. आशियातच नाही, आफ्रिकेतही नाही. त्याच्या साडेतीनशेहून जास्त जाती आहेत आणि त्या सगळ्या अमेरिकेत, अलास्कापासून थेट दक्षिणेच्या टोकाला टिएरा डेल फ्यूगोपर्यंत. सगळ्यात दाट वस्ती अँडीज पर्वताच्या अंगावर जी ओली, धुक्यात बुडालेली जंगलं आहेत तिथे. इक्वेडोरसारख्या लहान देशात सव्वाशेहून जास्त जाती नांदतात. तिथल्या रात्री इतक्या गार असतात की एवढ्याशा देहाला रात्रभर ऊब पुरवणं परवडतच नाही. मग तो पक्षी स्वतःला जवळजवळ विझवून टाकतो. पेरूमधल्या अँडीजमध्ये केलेला एक अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. त्यात एका जातीच्या शरीराचं तापमान रात्री ३.३ अंश सेल्सिअसपर्यंत उतरलेलं नोंदवलं आहे. पहाटे तो अंग थरथरवून पुन्हा पेटतो आणि फुलांकडे निघतो. हे वाचलं त्या रात्री मी बराच वेळ जागी होते.

आपल्या गॅलरीत येतो तो शिंजीर. सूर्यपक्षीही म्हणतात, पण मला शिंजीर हा शब्द आवडतो. मारुती चितमपल्लींसारख्या माणसांनी पक्ष्यांची मराठी नावं रानोमाळ हिंडून गोळा केली, 'पक्षिकोश' लिहिला, आणि आपण मात्र गॅलरीतल्या पाहुण्याला परक्या नावाने हाक मारतो, याचं मला खरंच वाईट वाटतं. आमच्याकडचा जांभळ्या पाठीचा शिंजीर. नर बघावा तर उन्हातच. डोकं हिरवं, गळा जांभळा, पाठ गडद किरमिजी, पोट हळदीसारखं पिवळं, आणि शेपटीच्या मुळाशी जांभळ्या रंगाचा तो ठिपका, ज्यावरून त्याला नाव मिळालं. सावलीत गेला की हिरवा-जांभळा विझतो, नुसतं काळं दिसतं, कारण ती चमक रंगाची नाही, पिसांच्या बारीक रचनेवर उजेड कसा पडतो त्याची आहे. मादी साधी. वरून मातकट, गळा राखी, पोट फिकं पिवळं. लांबी चार इंच. वजन दहा रुपयांच्या नाण्याइतकं, फार तर त्याहून थोडं जास्त.

हमिंगबर्ड आणि शिंजीर दिसायला भाऊ वाटतात तरी एकमेकांचे कोणी लागत नाहीत. दोघांनी वेगवेगळ्या खंडांत फुलांतला मध गाठायचा ठरवला, आणि त्या कामाने दोघांनाही सारखी चोच, सारखी जीभ, सारखा पेहराव दिला. हमिंगबर्डची खरी चुलत भावंडं आपल्याकडे आहेत, आणि ती आपण रोज बघतो. ती म्हणजे पाकोळ्या. जुन्या इमारतींच्या छज्ज्याखाली, पुलांच्या पोटाला मातकट घरटी करून संध्याकाळी आभाळात किंचाळत घिरट्या घालणाऱ्या काळ्या पाकोळ्या. दोघांचेही पाय इतके दुबळे की जमिनीवर चालता येत नाही. सगळं आयुष्य पंखांवर. आणि हमिंगबर्ड नेहमी अमेरिकेतच होते असंही नाही. जर्मनीत सापडलेले, सुमारे तीन कोटी वर्षांपूर्वीचे हमिंगबर्डसारख्या पक्ष्याचे अवशेष गेराल्ड मायर या संशोधकाने २००४ साली जगापुढे मांडले. आपल्या बाजूच्या जगातून ते कधीतरी नाहीसे झाले.

काकूंना हे सगळं मी सांगितलं तेव्हा त्या थोड्या हिरमुसल्या. मग म्हणाल्या, "असू दे. आपला तर आपला."

आता त्या शिंजीर मादीचं काम. मी घरी बसून मुद्रितं तपासते. आई गॅलरीच्या दाराशी मशीन घेऊन बसते, कारण तिथे उजेड चांगला. त्यामुळे आमच्या दोघींपैकी एकीचे तरी डोळे दिवसभर त्या हुकाकडे होते. आम्ही ठरवलं की दाराच्या आतूनच बघायचं, पडदा अर्धा ओढून.

पहिले दोन दिवस ती फक्त जाळं आणत होती. दुसरं काही नाही. कोळ्याचं जाळं ती ओढून तोडते तेव्हा ते चोचीभोवती गोळा होतं, मिशीसारखं दोन्ही बाजूंना लोंबतं. ते घेऊन ती हुकापाशी यायची, हुकाच्या वळणावरून चोच एका बाजूने नेऊन दुसऱ्या बाजूने काढायची, मग डोकं घासून जाळं दाबायची. चिकटलं की सोडून द्यायची. पुन्हा तेच. एका सकाळी तासाभरात मी २० फेऱ्या मोजल्या आणि मग मोजणं सोडलं, कारण मोजताना बघणं राहून जात होतं. जाळं कुठून आणते हेही कळलं. जिन्यातल्या मीटरच्या पेटीमागून, खालच्या मजल्यावर बंद असलेल्या घराच्या खिडकीतून, नारळाच्या झावळ्यांच्या खोबणीतून. जिथे माणसाचा झाडू पोचत नाही तिथून.

या दोन दिवसांत हुकाला वीतभर लांब एक लोंबती दोरी झाली. हात लावला तर धूळ वाटेल अशी. त्या दोरीवर पुढचं सगळं ओझं पडणार होतं.

तिसऱ्या दिवसापासून सामान आलं. गवताच्या काड्या, नारळाच्या किशीचे तंतू, शेवग्याच्या सालीचे सुटलेले पापुद्रे, कुठल्यातरी झाडाच्या सुक्या मोहोराचा चुरा. हे सगळं ती लोंबत्या दोरीत खोचत गेली आणि वरून जाळ्याने बांधत गेली. चौथ्या-पाचव्या दिवशी ते ओबडधोबड बोचकं झालं, आत पोकळी अजिबात नाही. आईला काळजी वाटायला लागली. "ही भरतेच आहे नुसती. गळा कुठे ठेवणार?" ब्लाउज शिवणाऱ्या बाईचा प्रश्न अगदी बरोबर होता. उत्तर सहाव्या दिवशी मिळालं. तिने बोचक्याच्या वरच्या भागात, वाडीकडे तोंड करून, चोच आत घातली. मग डोकं. मग खांदे. आत गेल्यावर सगळं बोचकं हलायला लागलं. बाहेरून दिसत होतं की ती आत गिरक्या घेते आहे, छातीने चारी बाजूंना दाबते आहे, पायांनी मागे ढकलते आहे. पोकळी तिने कोरली नाही, अंगाने दाबून केली. तिच्याच मापाची. आई एकदम म्हणाली, "माप अंगावर घेऊन शिवतेय ती."

बोचकं फुगत गेलं तसं बाहेरून जाळं आणखी चढत गेलं. ते ताणलं जातं पण सहज तुटत नाही, हीच त्याची मोठी करामत. शिंपी पक्ष्याचं घरटं मी वाडीत बघितलं आहे. तो पानाच्या कडांना भोकं पाडून कापसाने टाके घालतो. सुगरण गवताच्या पात्यांच्या गाठी मारते. शिंजिराकडे टाका नाही, गाठही नाही. सगळा भरवसा कोळ्याच्या चिकट रेशमावर.

आणि मग तिने घराला छज्जा केला. दाराच्या वर काड्यांची आणि तंतूंची छोटी पडवी, पुढे झुकलेली, म्हणजे ऊन-पाणी थेट आत येऊ नये. हे करताना ती दाराच्या खालच्या कडेला उलटी लटकायची आणि मान वर करून काम करायची. त्याच्यापाठोपाठ एक गोष्ट, जी मला आधी वेडेपणाची वाटली. इतकं नीट केलेलं घरटं ती बाहेरून विद्रूप करायला लागली. सुरवंटाच्या लेंड्या आणून चिकटवल्या. सालीचे कपचे, किड्यांच्या सुक्या खोळी, कोळ्यांची अंडी ज्यात असतात त्या पांढऱ्या टिकल्या. खालच्या टोकाला कचऱ्याची लांब शेपटी लोंबत ठेवली. तीन पावलं मागे गेल्यावर माझ्या डोळ्यांना घरटं दिसेना. दिसत होता तो जुन्या गॅलरीत अडकलेला केर. कावळ्याच्याही डोळ्यांना तसंच दिसत असणार. आमच्या गॅलरीच्या कठड्यावर रोज सकाळी पोळीचा तुकडा न्यायला येणारा कावळा त्या घरट्यापासून दोन हातांवर बसायचा आणि त्याने एकदाही तिकडे मान वळवली नाही.

नर या सगळ्यात काय करत होता? बांधकामात काहीच नाही. घरट्याचं काम जवळपास सगळं मादीचं असतं. तो तिच्या मागे मागे उडायचा, वाडीतल्या तारेवर बसून चिवचिवायचा, दुसरा नर दिसला की त्याला आंब्यापर्यंत पिटाळायचा. आमच्या सरकत्या खिडकीच्या काचेत त्याला स्वतःचं रूप दिसलं तेव्हा तो दोन दिवस त्या रूपाशी भांडला. काचेवर पंजे, चोच, पंख, सगळं. आईने आतून वर्तमानपत्र चिकटवलं. आमच्या घरात दुपारी अंधार झाला, पण भांडण थांबलं.

शेवटी अस्तर. मिठागराच्या बांधावरची रुईची बोंडं तेव्हा उकलायला लागली होती. मादी तिथून पांढरा म्हातारीसारखा कापूस आणायची. चोचीत तो इतका असायचा की तिचं डोकं दिसायचं नाही, पांढरा गोळा उडत येतोय असं वाटायचं. आत गेली की दारातून थोडा कापूस बाहेर डोकवायचा, मग तोही आत ओढला जायचा.

महाशिवरात्रीच्या दिवशी ती आत जाऊन बाहेर आलीच नाही. दारातून फक्त चोच दिसत होती, बाकदार, काळी, छज्ज्याखाली. अंडी घातली होती. आम्ही आत डोकावलो नाही, पण शिंजीर बहुधा दोनच अंडी घालतो. हमिंगबर्डही दोनच. हमिंगबर्डची मादीदेखील घरटं एकटीच करते, तीही कोळ्याच्या जाळ्याने बांधते आणि वरून दगडफूल लावून लपवते. अँडीजच्या धुक्यात आणि भाईंदरच्या गॅलरीत, एकमेकींना कधीही न बघितलेल्या दोन माद्या एकाच धाग्यावर विश्वास ठेवतात. मला या गोष्टीचं अजून नवल वाटतं. एक फरक आहे. हमिंगबर्डचा नर पुढेही येत नाही. आपला येतो, ते पुढे सांगते.

ती बसली होती ते दिवस घरात शांततेचे होते. आईने मिक्सर स्वयंपाकघराच्या दुसऱ्या टोकाला नेला. मी वाडीत जायला लागले.

तिथल्या आंब्यावर बांडगूळ आहे. आपल्याकडे बांडगूळ ही शिवी आहे, दुसऱ्याच्या जिवावर जगणारा. पण त्याची नळीसारखी वाकडी फुलं आली की शिंजिरांचं जाणं-येणं तिथे दिवसभर सुरू असतं. फुलाच्या नळीचं वळण आणि चोचीचं वळण एकमेकांत बसतं. मध घेताना परागकण कपाळावर लागतात आणि पुढच्या फुलात पोचतात. मग फळं धरली की फुलचुखी येते, शिंजिराहूनही लहान, राखी रंगाची. ती फळ गिळते आणि चिकट बी फांदीवर सोडते, तिथे नवं बांडगूळ रुजतं. एक पक्षी लग्न लावतो, दुसरा पोरं वसवतो. सलीम अली यांनी १९३१ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात नेमक्या याच विषयावर लेख लिहिला होता. कोकणात बांडगूळ पसरवण्यात शिंजीर आणि फुलचुखी यांचा वाटा काय, असा. जवळजवळ शंभर वर्षांपूर्वी कोकणातल्या आंब्याखाली त्यांनी जे पाहिलं, ते मुर्ध्याच्या वाडीत अजून तसंच चालू आहे. वाडी आहे तोवर.

शिंजिरांचे डोंगरातले नातेवाईकही आपल्यापासून लांब नाहीत. काशीमिऱ्याहून घोडबंदर रोडने चेण्याकडे निघालं की संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं जंगल लागतं. तिथे व्हिगोर्सचा शिंजीर दिसतो. नराची छाती लालभडक, त्यावर पिवळ्या रेघा. हा फक्त पश्चिम घाटाच्या जंगलांचा, जगात दुसरीकडे कुठे नाही. असाच आणखी एक इवला किरमिजी पाठीचा शिंजीर सह्याद्रीच्या ओल्या झाडीत राहतो. दोघांनाही शास्त्रीय नाव दिलं कर्नल साइक्स यांनी, १८३२ साली, दख्खनच्या पक्ष्यांची यादी करताना. हमिंगबर्ड बघायची हौस असेल त्याने पावसाळा सरल्यावर या जंगलात एक सकाळ काढावी. मी काकूंना घेऊन जाणार आहे.

होळी पेटली त्या संध्याकाळी घरट्यातून काही ऐकू आलं नाही, पण दुसऱ्या दिवशी, बाहेर धुळवडीचा गोंधळ चालू असताना, ती चोचीत काहीतरी हिरवं घेऊन आली. बारीक अळी. अमावास्येच्या आदल्या दिवशी बसली, पौर्णिमेला अंडी फुटली, पंचांग बघून काम केल्यासारखं. आईला हे फार आवडलं.

आणि आता नर कामाला लागला. तोही घास आणत होता. सगळ्यांना वाटतं की शिंजीर म्हणजे मध. पण पिल्लांना मधावर वाढवता येत नाही, हाडं-मांस कशाने होणार? दोघंही कीटक आणत होते. चिलटं, मऊ अळ्या, आणि कोळी, खूप कोळी. ज्याच्या जाळ्यावर घर उभं राहिलं त्याच्याच मांसावर पोरं वाढली. काकूंचं साखरेचं पाणी या दिवसांत कोणी फारसं चाखलं नाही. उन्हाने ते आंबायला लागलं, मुंग्या लागल्या, तेव्हा त्यांनीच ते भांडं काढून तिथे जास्वंदीची कुंडी ठेवली. पिल्लांची विष्ठाही आई-बाप पांढऱ्या गोळीसारखी चोचीत धरून बाहेर नेऊन टाकायचे. घरट्याखाली फरशी स्वच्छ असायची.

गुढी आम्ही दरवर्षी या गॅलरीत उभारतो. या वर्षी ती स्वयंपाकघराच्या खिडकीला लागली.

पाडव्यानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी पहिलं पिल्लू बाहेर पडलं. आखूड शेपटी, चोच अजून पुरती वाकलेली नाही, तारेवर बसून सारखं डुलत होतं. दुसरंही दारात आलं, उडी मारली, आणि खाली आलंच नाही. घरट्याखाली उलटं लटकून फडफडत राहिलं. मला आधी कळेना. आईला कळलं. तिने चष्मा पुसून बघितलं आणि तिच्या चेहऱ्याचा रंग उतरला. पिल्लाच्या पायाला निळा धागा गुंडाळला होता. घरट्याच्या अस्तरातून आलेला. पॉलिएस्टरचा. आमच्या मशीनखालचा.

ब्लाउज पुरा झाला की आई सुटे धागे कापून फरशीवर टाकते आणि रात्री केर काढते. दिवसभर ते वाऱ्याने गॅलरीत पसरतात. शिंजिराच्या मादीने त्यातला एखादा रुईच्या कापसाबरोबर नेला असणार. जाळ्याचा तंतू ताण पडला की सैल होतो आणि शेवटी तुटतो. पॉलिएस्टरचा धागा तुटत नाही, आवळतो.

आई-बाप दोघं पिल्लाभोवती घिरट्या घालत ओरडत होते. वाट बघायची की हात घालायचा, यावर आम्ही बहुधा पाच मिनिटं घालवली, पण ती पाच मिनिटं लांब होती. मग आईने धागे कापायचा छोटा कटर घेतला. मी स्टुलावर चढले आणि ओंजळ पिल्लाखाली धरली. त्याचं वजन हाताला लागलं नाही, पण छातीची धडधड लागली, इतकी जलद की ती एकसारखी थरथर वाटत होती. पाय बारीक काडीसारखा, काळा, धागा त्यात दोन वेढे बसलेला. आईने तीस वर्षांत हजारो काजं केली असतील. त्या दिवशी तिचा हात जितका हळू चालला तितका मी कधी पाहिला नव्हता. कटरचं टोक धाग्याच्या आणि कातडीच्या मध्ये सरकवलं, एक वेढा तुटला. श्वास घेतला. दुसरा तुटला. पिल्लू ओंजळीत दोन क्षण बसून राहिलं, मग उडालं ते थेट शेवग्यावर. मादी त्याच्या पाठोपाठ गेली.

तो पाय धड झाला की नाही हे आम्हाला कळलं नाही. पुढचे काही दिवस वाडीत दोन पिल्लं आई-बापांकडे तोंड वासून घास मागताना दिसत होती. दोन दिसली, एवढं नक्की.

त्या दिवसापासून मशीनला एक झाकणाचा डबा टांगलेला आहे. कापलेला प्रत्येक धागा त्यात जातो. आमच्याकडे शिवायला येणाऱ्या बायकांना आई हे सांगते, आणि ज्या घरी शिवतात त्यांना डबा ठेवायला लावते.

घरटं हुकाला तसंच होतं. जूनमध्ये पहिल्या जोराच्या वाऱ्याने ते खाली आलं. आईने ते वर्तमानपत्रावर घेतलं आणि जुना ब्लाउज उसवावा तसं उसवायला बसली. तासभर बसली. उसवेना. कुठून सुरुवात करायची ते सापडत नव्हतं, कारण टाकाच नव्हता. बोटांनी ओढलं की सगळा थर एकदम ताणायचा आणि सोडला की परत बसायचा. आत रुईचा कापूस चपटा होऊन नमद्यासारखा झाला होता, गुळगुळीत, त्यावर दोन छोट्या देहांचा खळगा. कापसात आणखी तीन धागे निघाले, एक लाल, दोन पांढरे. ते तिने काढून डब्यात टाकले. बाकीचं घरटं तिने बटणांच्या जुन्या डब्यात ठेवलं आहे.

गणपतीच्या आधी घर झाडून काढायची आमच्याकडे रीत आहे. आईने या वर्षी सगळं घर झाडलं, पंखे पुसले, जाळ्या धुतल्या. गॅलरीतला हुकाकडचा कोपरा तेवढा ठेवला. तिथे आता जळमटं चांगली लोंबतात, धूळ बसून ठळक दिसतात. आरतीला आलेल्या एका नातेवाईक बाईंनी वर बघितलं आणि प्रेमानेच म्हणाल्या, "तेवढी जळमटं राहिली वाटतं काढायची."

"राहिली नाहीत," आई म्हणाली. "ती हिच्यासाठी ठेवलीत. गेल्या वेळी मीच काढली होती."